दॉक्मान गुरुजींच्या पापण्या

प्यो दॉक्मान यांना मार्केटात सगळे गुरुजी म्हणायचे. शाळा त्यांनी कधी धड पुरी केली नव्हती, पण समोरच्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत काय काय मांडून ठेवलंय ते सांगायचे, आणि सांगताना आवाज असा लावायचे की ऐकणाऱ्याला आपलाच चेहरा उसना आणल्यासारखा वाटावा. बूसानच्या बंदरातलं मासळी मार्केट, त्याच्या मागं टेकडीवर चढणारा दगडी जिना, आणि त्या जिन्याखाली, जिथं दुसऱ्या कुणी झाडूसुद्धा ठेवला नसता, तिथं गुरुजींची टपरी. आत एक बाकडं, एक स्टूल, भिंतीवर माणसाच्या तोंडाचा नकाशा आणि भर दिवसाही लावावा लागणारा पिवळा दिवा.

विद्या वडिलांची. कोरियाच्या लढाईत उत्तरेकडून पळून आलेले वडील पुलाखाली बसायचे. ताटातूट झालेली माणसं येऊन विचारायची, माझ्या कपाळात बघा, माझा भाऊ जिवंत आहे का. वडील जवळजवळ सगळ्यांना 'आहे' म्हणायचे. गुरुजींनी ती सवय उचलली नाही. नाक बघून ते म्हणायचे, "पैसा येईल, पण थांबायचा नाही." कान बघून म्हणायचे, "सासऱ्याशी तुझं पटणं कठीण." लोकांना तेच आवडायचं. गोड बोलणारे गल्लोगल्ली मिळतात, तोंडावर वाईट सांगणाऱ्याचा भाव नेहमी चढा.

एका बाबतीत मात्र गुरुजी हट्टालाच पेटायचे. ती म्हणजे पापणी. भुवई आणि डोळा यांच्यामधली जागा त्यांच्या विद्येत घर-जमिनीची. ती ऐसपैस असली तर माणसाच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर. आणि इथं कोरियात तर पोरगी कॉलेजच्या परीक्षेतून सुटली रे सुटली की आई तिला हाताला धरून पापणीच्या डॉक्टरकडे नेते. एकपदरी पापणीला घडी घालून घ्यायची, डोळा मोठा करून घ्यायचा. नवा चष्मा करावा तितक्या सहज हे चालतं. पोरीच कशाला, हल्ली पेन्शनीतले म्हातारेसुद्धा ओघळलेली कातडी कापून घेतात आणि मुलं त्याला आईबापाची सेवा म्हणतात. गुरुजींना हे अजिबात खपायचं नाही.

"घर कापून टाकलंस की गं पोरी," ते समोरच्या मोजे विकणाऱ्या दाउनला म्हणाले होते, तिची पापणी नवीकोरी असताना.

"जाऊ द्या ना गुरुजी," दाउन म्हणाली, "घर तसंही मिळणार नव्हतंच. भाव ऐकलेत का घरांचे? निदान डोळे तरी मिळाले."

बाकीच्या दुकानदारिणी खो खो हसल्या. गुरुजी हसले नाहीत. विद्येची चेष्टा त्यांना सोसायची नाही.

आता या पापणीच्या हट्टाचा खरा मार कुणाला बसला, तर त्यांच्या बायकोला. सुनिम म्हणजे पाच बहिणींतली चौथी, कामाला वाघ, बोलायला मोजकी. सगळ्या बहिणींच्या पापण्या जड. चाळिशीच्या सुमारास एका हिवाळ्यात, शेतं रिकामी असताना, बाकीच्या चौघी गाडी करून शहरात आल्या आणि एकदम पापण्या करून गेल्या. सुनिमनंही जायचं ठरवलं होतं. मोठ्या बहिणीनं तिची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती. गुरुजींनी आडवा हात घातला. त्यांचं टेकडीवरचं दोन खोल्यांचं घर सुनिमच्या नावावर होतं, कारण गुरुजी एकदा मित्राला जामीन राहून पोळले होते आणि सासऱ्यांनी मग जावयावर भरवसा ठेवला नव्हता.

"घर तुझ्या नावावर," गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुझी पापणी हेच आपलं छप्पर. त्याला कात्री लावतेस?"

सुनिम गेली नाही. बहिणी मोठ्ठे डोळे घेऊन गावी परतल्या. पुढं वय झालं, तशी सुनिमची पापणी डोळ्यावर उतरत गेली, आणि पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचायला लागले. ती सकाळी उठली की पातळ पारदर्शक टेपचा तुकडा लावून पापणी वर डकवायची आणि दिवसभर रुमालानं डोळे टिपायची. मध्ये काही वर्षांपूर्वी तिनं पुन्हा विषय काढला होता. "डॉक्टर म्हणतात, केस टोचतात ते बरं नाही. पापणी उचलून घ्या म्हणतात." गुरुजींचं जेवण चाललं होतं. "थेंब घालत जा," ते म्हणाले. तिनं थेंब आणले. विषय तिथंच मिटला.

आणि मग गुरुजींच्याच पापण्या उतरल्या.

सुरुवातीला त्यांना वाटलं दिवा मंद झालाय. त्यांनी दिवा बदलला. मग वाटलं, हल्लीच्या माणसांचे चेहरेच अस्पष्ट यायला लागलेत. मग ते भुवया उंचावून बघायला लागले, त्यानं कपाळाला आठ्या पडल्या आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. मग मान मागं टाकून नाकावरून बघायला लागले. नवी गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा भारी ताठ आहे. शेवटी ते एका बोटानं स्वतःची पापणी वर धरायचे आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाच्या तोंडावर दाखवत बोलायचे. गिऱ्हाइकांना वाटलं ही काहीतरी खास पद्धत आहे. एक बाई तर मैत्रिणीला घेऊन आली आणि कुजबुजली, "बघ, आता ते आतला डोळा उघडतात." गुरुजींनी तिचा गैरसमज दूर केला नाही.

पण असं किती दिवस झाकणार? एक दिवस बिंग फुटलं. ईल मासे विकणारा पांग, चाळीस वर्षांच्या ओळखीचा गाववाला, सकाळी सहज येऊन बसला. बोटीत भागी घ्यावी का, एवढंच त्याला विचारायचं होतं. गुरुजींनी डोळा वर धरून पाहिलं आणि सांगितलं, "पाण्यापासून लांब राहायचं. तुमच्या हनुवटीला पाणी सोसत नाही." पांगनं उठताना टोपी काढून घाम पुसला आणि तोंड पाडून गेला. दुपारी त्याच्या लक्षात आलं की टोपी बाकड्यावरच राहिली. तो घ्यायला आला, तर गुरुजींनी हाताला धरून त्याला स्टुलावर बसवलं. टोपी नसलेला, टक्कल असलेला पांग त्यांना नवीनच गृहस्थ वाटला.

"वा," गुरुजी म्हणाले. "अशी हनुवटी शंभरात एकाची. तुमचं सगळं भाग्य पाण्यावर आहे. होडी, जहाज, काय मिळेल त्यात उडी घ्या."

पांगनं शांतपणे टोपी डोक्यावर घातली. "आणि आता?" तो म्हणाला.

आवाज ओळखीचा होता.

पांग मनाचा वाईट नव्हता, पण ही गोष्ट पोटात ठेवणं त्याच्याच्यानं झालं नसतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या मार्केटभर झालं. "गुरुजी, मी टोपी घालून येऊ की काढून?" पोरं विचारायची. "ज्यात चांगलं भविष्य असेल त्यात येतो." थट्टा गुरुजींनी सोसली असती, पण आपण चाळीस वर्षं ओळखत असलेला चेहरा आपल्याला दिसला नाही, हे त्यांना खाऊ लागलं. डोळे गेले तर आपण कोण? जिन्याखाली बसलेला एक म्हातारा, बस.

त्यांना भीती वाटायला लागली. आणि भीतीबरोबर, कबूल करायला हवं, कुतूहलही वाटायला लागलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीला शिव्या घातल्या, ती नेमकी असते तरी कशी?

विचारायचं कसं हा प्रश्न होता. त्यांनी युक्ती काढली. दाउनला स्टुलावर बसवलं, फुकट भविष्य सांगतो म्हणाले, आणि तिच्या पापणीकडं बघत गंभीर आवाजात म्हणाले, "इथं तू फार सोसलंस."

"छे! कुठं काय," दाउन म्हणाली. "सुई टोचतात पापणीत, तेवढं दुखतं. डोळ्यात पाणी येतं. मग पापणी बधिर होते."

"आणि मग झोपवतात," गुरुजी म्हणाले, जणू त्यांना दिसतच होतं.

"कुठलं झोपवतात! जागी होते मी. डॉक्टर म्हणतात, डोळे उघड, मिट, वर बघ. मध्येच उठवून बसवतात, दोन्ही डोळे सारखे आलेत का बघायला."

"कापत असताना?"

"मग काय! नाहीतर घडी नीट पडली की नाही कसं कळणार?"

गुरुजी भविष्य विसरले. पुढं सरकून बसले. "आणि दिसतं काय तेव्हा?"

"उजेड दिसतो. नुसता पांढरा." दाउन हसायला लागली. "दुसऱ्या दिवशी पापण्या अशा सुजतात, सॉसेज लावल्यासारख्या. निळं-जांभळं होतं. बर्फ ठेवायचा, उशा रचून डोकं उंच ठेवून झोपायचं, भोपळ्याचा रस प्यायचा, खारट खायचं नाही, हमामखान्यात जायचं नाही. टाके काढले की माणसात येता. पण खरं रूप यायला महिने लागतात." मग ती थांबली. "गुरुजी, हे कुणाचं भविष्य चाललंय?"

"तुझंच," गुरुजी म्हणाले. "तुझं सगळं चांगलं आहे. जा."

पुढचे काही दिवस त्यांनी असेच दोन-चार जणांना खोदून विचारलं. एका भाजीवालीनं सांगितलं की काही दिवस झोपेत डोळा पुरता मिटत नाही, नवरा दचकतो. बँकेतल्या एका साहेबांनी सांगितलं की माणूस सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो, त्यांना मीटिंगमध्ये त्रास झाला. गुरुजी घरी येऊन आरशासमोर बसायचे आणि दोन्ही बोटांनी पापण्या वर ओढून बघायचे. एकदा सुनिमनं पाहिलं. तिची स्वतःची टेप त्या आरशालाच एका कडेला चिकटवलेली असायची.

निर्णय मुलीनं घेतला. मियॉन शेजारच्या शहरात नोकरी करायची. पांगच्या टोपीची गोष्ट तिच्यापर्यंतही गेली होती. ती रविवारी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी वेळ घेतलीय. गुरुवारी जायचंय. नाही म्हणायचं नाही." मग तिनं आईकडं पाहिलं. "आईलाही दाखवूया ना एकदमच. तिचे डोळे तर तुमच्याआधीपासून वाईट आहेत."

गुरुजींनी सूप संपवलं. "आधी माझं तर होऊ दे," ते म्हणाले. "मग बघू."

सुनिम भांडी उचलून आत गेली.

क्लिनिकमध्ये गुरुजींची पंचाईत अशी झाली की वाचायला एक चेहरा सापडेना. वेटिंग रूममध्ये कुणाला काळे चष्मे, कुणाच्या नाकावर पट्टी, एका माणसाच्या हनुवटीला तर बाळाला टोपडं बांधतात तसं बांधलेलं. सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून. डॉक्टर सनू नावाची बाई मियॉनच्याच वयाची होती. तिनं गुरुजींच्या पापणीचा चिमटा घेऊन पाहिला, भुवईवर अंगठा दाबून "आता उघडा डोळे" म्हणाली, आणि भुवई धरलेली असल्यामुळे गुरुजींना डोळे उघडताच आले नाहीत.

"पाहिलंत?" ती म्हणाली. "तुम्ही इतके दिवस कपाळानं बघत होतात, बाबा. डोकं दुखतं ना संध्याकाळी?"

गुरुजी चकित झाले. दुखतं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. हिलाही चेहरा वाचता येतो, त्यांना वाटलं, आणि तो त्यांना जरा धक्काच होता.

डॉक्टरनं जांभळ्या पेनानं पापणीवर रेघ काढली, एवढी कातडी जाईल, आतला सैल पडलेला स्नायू असा ओढून टाचू, जास्त काढली तर डोळा मिटणार नाही म्हणून जपून काढू, आणि दोन डोळे अगदी जुळे येणार नाहीत, ते आधीही नव्हते, असं सगळं सांगितलं. गुरुजींनी शंभर प्रश्न विचारले. कातडी कुठं टाकतात? दोरा कसला? डोळ्यात रक्त उतरलं तर? ती कंटाळली नाही. शेवटी त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"डॉक्टरीणबाई, ही जागा घर-जमिनीची असते. ही कापली की घर जातं."

"असं?" ती पेन बंद करत म्हणाली. "तुमचं घर कुणाच्या नावावर आहे, बाबा?"

"बायकोच्या."

"मग तुमच्या पापणीनं काय बिघडतंय?"

मियॉन मोठ्यानं हसली. गुरुजीसुद्धा हसले. एवढी साधी पळवाट आपल्याला कशी सुचली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. घरी गेल्यावर त्यांनी चुलीशी उभ्या असलेल्या सुनिमला हा विनोद रंगवून सांगितला.

"खरंच की," सुनिम म्हणाली आणि पातेल्यात पळी फिरवत राहिली. ती हसली नाही, ते गुरुजींना थोडं लागलं.

गुरुवारी त्यांनी सगळं अनुभवलं. दाउननं सांगितलं तसंच, आणि तरी तसं नाही. सुई चांगलीच झोंबली. इतकी, की त्यांनी आईला हाक मारली आणि नर्सनं त्यांचा हात धरला. मग पापणी दुसऱ्याच कुणाची झाली. उजेड पांढरा होता, पण त्यात कडेनं तांबूस रंग होता, हे दाउननं सांगितलं नव्हतं. काहीतरी करपल्याचा वास आला. ते विचारणार, तोच लक्षात आलं की तो आपलाच. कोपऱ्यात कुणीतरी जुनी प्रेमगीतं लावली होती आणि डॉक्टर हलक्या आवाजात त्याबरोबर गुणगुणत होती. आपल्या छपराला कात्री लागतेय आणि बाई गातेय, गुरुजींना वाटलं, आणि त्यांना चक्क मजा वाटली.

"उघडा डोळे, बाबा. मिटा. छताकडं बघा. आता उठून बसा."

ते उठून बसले. समोर डॉक्टर सनूचा चेहरा, मास्कच्या वर नुसते दोन डोळे, बारीक, कोरून काढल्यासारखे स्पष्ट. किती वर्षांनी त्यांना कुणाचे डोळे असे दिसले! पापण्या एकपदरीच.

"तुम्ही स्वतः नाही केलीत?" गुरुजींनी विचारलं.

"मला दिसतंय की नीट," डॉक्टर म्हणाली. "झोपा आता. दुसरा डोळा राहिलाय."

पहिले दिवस जड गेले. पापण्या सुजून डोळे मिटले, मलमानं चिकटले, आणि गुरुजी खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पाठीशी तीन उशा लावून पडून राहिले. सुनिम बर्फाच्या पिशव्या बदलायची, बिनमिठाची भोपळ्याची लापशी भरवायची, औषध द्यायची. गुरुजी चिडायचे. "मीठ! निदान नखाएवढं तरी मीठ!" "सूज वाढेल," ती म्हणायची आणि चमचा पुढं करायची. तिचं एकही उलट वाक्य त्यांना ऐकू आलं नाही. गुरुजींनी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं टोमणा मारला असता तर ते म्हणणार होते, माझी गोष्ट वेगळी, माझा धंदा आहे. पण तिनं टोमणा मारलाच नाही, आणि ते उत्तर त्यांच्याकडं तसंच पडून राहिलं.

टाके काढायला जाताना काळा चष्मा लावून ते मार्केटातून गेले, तर पांग ओरडला, "काय गुरुजी, सिनेमात घेतलं का?"

"तुमची टोपी आहे ना डोक्यावर?" गुरुजी म्हणाले. "मग मी नाही बोलत तुमच्याशी."

सगळे हसले, पांग सगळ्यात जास्त. गुरुजींना बरं वाटलं. टाके निघाले. येताना त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला आणि रस्ता बघत, अक्षरशः बघतच आले. बंदरातल्या क्रेनना वर दिवे असतात. पांगच्या हौदातल्या मासोळ्यांच्या पाठीवर पिवळसर झाक असते. दाउनच्या गालावर तीळ आहे, आणि तो चांगल्या जागी आहे. आपल्या टपरीतला तोंडाचा नकाशा तंबाखूच्या पुडीसारखा मळलाय. त्यांनी टपरीत शिरून उगाचच दिवा लावला आणि विझवला. जीव हलका झाला होता त्यांचा. शिट्टी वाजवत ते टेकडी चढले.

दुपार टळत आली होती. सुनिम खिडकीशी बसून सुक्या मासळीचे काटे काढत होती. उन्हाची तिरीप तिच्यावर होती. गुरुजी तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"बघ," ते म्हणाले. "निघाले टाके. कसा दिसतो?"

सुनिमनं मान वळवली. नुसती वर केली नाही, पूर्ण डावीकडं वळवली, कोंबडी दाण्याकडं बघते तशी, आणि उजव्या डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं.

"तरणे झालात," ती म्हणाली. "थोडे घाबरलेले दिसताय."

"सरळ बघ की माझ्याकडं."

ती बघेना. गुरुजींनी पुढं होऊन तिच्या हनुवटीला बोट लावलं आणि तिचा चेहरा उजेडात समोर धरला, गिऱ्हाइकाचा धरायचे तसा. टेपखाली पापणी लाल, सोलवटलेली. आणि डावा डोळा, त्यात फूल पडलेलं. बुबुळाच्या बरोबर मध्यावर, दुधाळ, चांगलं मोठं. कालपरवाचं नव्हे. त्या डोळ्यात बघणारं कुणी नव्हतं.

गुरुजींनी बोट काढून घेतलं. "हे कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं. आधी धुरकट दिसायचं. मग तेही बंद झालं." ती मासळीकडं वळली. "एकानं भागतं. सवय झाली."

"अगं मियॉनच्या आई, डोळा गेला तुझा! आणि तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? पापणी कापायची नाही म्हणालात. थेंब घाल म्हणालात. घातले."

"पण डोळा जातोय म्हटल्यावर तरी..."

सुनिमनं हातातला मासा खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर गुरुजींना सोसलं असतं.

"तुम्ही साऱ्या गावाचे डोळे वाचता," ती म्हणाली. "रोज समोर बसून जेवता. मला वाटलं, तुम्हाला दिसलंच असेल. दिसून तुम्ही गप्प आहात असं वाटलं मला. डोळ्यापेक्षा घर महत्त्वाचं, असंच ठरवलं असेल म्हटलं यांनी."

गुरुजी रडायला लागले, आणि नव्या टाक्यांच्या जागी ते खारट पाणी आगीसारखं लागलं. पाच वर्षं. पाच वर्षं ही बाई याच खिडकीशी, याच पाटासमोर, आपला नवरा सगळं बघून गप्प आहे असं समजून त्याला जेवायला वाढत होती. तिनं रुमाल पुढं केला. "चोळू नका. डॉक्टरांनी चोळायचं नाही सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी टपरी उघडली नाही. वेळ न घेताच ते दोघं डॉक्टर सनूसमोर जाऊन बसले. तिनं सुनिमची टेप हळूच सोडवली, दिवा डोळ्याशी नेऊन बराच वेळ पाहिलं, आणि गुरुजींकडं एकदा पाहून नजर काढून घेतली.

"डाव्या डोळ्याची नजर आता पापणी उचलून येणार नाही, आई," ती म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलात दाखवू, पण मी खोटी आशा लावत नाही. उजव्याला मात्र ओरखडे पडायला लागलेत. तो वाचवता येईल. लवकर करायला हवं."

"करू या," सुनिम म्हणाली. तिनं कुणाकडंही पाहिलं नाही. मग खुर्चीत थोडी पुढं सरकली आणि लहान मुलीच्या उत्सुकतेनं विचारलं, "काय काय होतं हो त्यात? दुखतं का?"

गुरुजी घाईघाईनं तिच्याकडं वळले. हे तर त्यांना सगळं ठाऊक होतं. "घाबरायचं काही कारण नाही. आधी सुई टोचतात, ती जरा झोंबते, पण मग..."

सुनिमनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगू द्या."